एका ठशासाठी सगळा गोवा

१४ जानेवारी २०१३ रोजी वास्कोतल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. दिवस शाळेचा होता, वर्ग भरलेले होते. दिल्लीतल्या १६ डिसेंबरच्या अत्याचाराला अजून महिनाही उलटला नव्हता आणि देशभरचा संताप शमलेला नव्हता. वास्कोत लोक शाळेवर चालून गेले. गोव्यातल्या प्रत्येक आईबापाच्या पोटात त्या दिवशी गोळा आला असेल. पण आरोपी सापडेना. वास्को हे बंदराचं शहर, कामधंद्यासाठी येणाऱ्याजाणाऱ्यांची तिथे सततची वर्दळ. संशय घ्यायचा तर कोणावरही घ्यावा आणि धरायला मात्र कोणीच नाही, अशा अवस्थेत तपास गोवा पोलिसांकडून सीबीआयकडे गेला.

सीबीआयच्या हाती एक धागा होता. घटनास्थळी बोटांचे काही ठसे मिळाले होते. नकळत मागे राहिलेल्या अशा ठशाला पोलीस ‘चान्स प्रिंट’ म्हणतात. ठसा होता, पण तो कोणाच्या बोटाचा हे कळत नव्हतं. त्याच सुमारास गोव्यातल्या बहुतेक घरांतली माणसं आधारच्या केंद्रावर रांगा लावून दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा देऊन आली होती. मग तो सगळा साठाच मागवून घ्यावा आणि एकेकाशी जुळवून पाहावं, असा विचार सीबीआयने केला. वास्कोच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला आणि २२ ऑक्टोबर २०१३ रोजी आदेश झाला: आधार प्राधिकरणाने गोव्यात नोंदवलेल्या व्यक्तींची बायोमेट्रिक माहिती सीबीआयला द्यावी.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. मडगावच्या बाजारात मासळी विकणारी बाई, पेडण्यातला शिक्षक, केप्यातली सत्तरीची आजी, डिचोलीच्या खाणीवरचा ट्रकचालक, शाळेत जाणारी पोरं. आधार काढलेल्या यांच्यापैकी प्रत्येकाचं बोट त्या ठशाशी ताडून पाहिलं जाणार होतं. त्यांच्यापैकी कोणावर आरोप नव्हता, संशयही नव्हता. त्यांना विचारलं जाणार नव्हतं, आणि तपासणी झाल्याचं कळणारही नव्हतं. त्यांनी ठसे दिले होते ते गॅसचं अनुदान मिळावं, शिष्यवृत्ती बँकेत जमा व्हावी, रेशन अडू नये म्हणून.

ज्या घरावर तो घाला पडला, त्या घराच्या बाजूने आधी पाहिलं पाहिजे. त्या मुलीच्या आईबापांना कोणी विचारलं असतं की सगळ्या गोव्याचे ठसे तपासू का, तर ते दोनदा तपासा म्हणाले असते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. म्हणूनच या गोष्टीचा निर्णय त्यांच्यावर किंवा माझ्यावर न सोपवता कायद्यावर सोपवलेला असतो. माझ्या मते कायद्याची एक साधी शिस्त आहे: आधी माणसावर सकारण संशय, मग त्याच्या माहितीला हात. हा क्रम उलटला की प्रत्येक जण आधी संशयित ठरतो आणि निर्दोषपणा त्याला नंतर मिळवावा लागतो. आपल्या देशात हा क्रम याआधीही उलटला आहे, आणि त्याची सुरुवातही बोटांच्या ठशांपासूनच झाली होती.

१८५८ च्या जुलैमध्ये बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याची खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी करार केला आणि कागदामागे त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे सही माझी नव्हे असं म्हणायची सोय राहू नये, एवढाच हेतू होता. १८७७ साली हुगळीचा दंडाधिकारी असताना त्याने हीच पद्धत दस्तनोंदणीला, तुरुंगाला आणि निवृत्तिवेतनाला लावली. मेलेल्याच्या नावावर दुसराच कोणी पेन्शन उचलू नये, म्हणून पेन्शनराने येऊन बोट टेकवायचं. हक्काचा पैसा हक्काच्या माणसाला मिळावा, हे आधारचं मूळ आश्वासन तेव्हा सव्वाशे वर्षांहून जुनं होतं.

वीस वर्षांत बोटांचे ठसे कचेरीतून पोलिसांकडे पोहोचले. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं केंद्र सुरू झालं. त्याचं श्रेय बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावावर जमा झालं. वर्गीकरणाचं किचकट गणित बसवलं होतं ते अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या दोन भारतीय सहकाऱ्यांनी. जलपाईगुडीतल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, तेव्हा खोलीतल्या बंगाली पंचांगावर पुसट ठसा मिळाला. तो केंद्रातल्या एका जुन्या शिक्षा झालेल्या माणसाच्या नोंदीशी जुळला. हा माणूस मृताचा पूर्वीचा नोकर होता. १८९८ साली निकाल लागला: चोरीबद्दल शिक्षा, खुनातून मुक्तता. तो तिथे आला होता एवढंच ठशाने सिद्ध होतं, खून त्यानेच केला हे होत नाही, असं न्यायालयाला वाटलं. ठशाच्या पुराव्याचा तो अगदी पहिला काळ होता, तरीही न्यायालय भारावून गेलं नाही. शोध घेतला गेला तोही शिक्षा झालेल्यांच्या नोंदीत, सगळ्या बंगालच्या पेन्शनरांच्या यादीत नव्हे.

हा विवेक सगळ्यांच्या वाट्याला मात्र आला नाही. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला तेव्हा सरकारचे विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन होते. पुढच्याच वर्षी याच स्टीफन यांनी भारतीय पुरावा कायदा रचला, आणि जो आरोप करतो त्यानेच तो सिद्ध करायचा हे तत्त्व त्यात बसवलं. म्हणजे दोन वर्षांत दोन कायदे झाले. एकाने सर्वसाधारण माणसाला निर्दोष मानलं, दुसऱ्याने काही जातीजमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९११ साली हा कायदा नव्याने होऊन मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंद झालेल्या जमातीतल्या माणसाचे बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार त्याने दिला. त्यासाठी गुन्हा घडायला हवा, तक्रार हवी, अशी कोणतीही अट नव्हती.

सोलापूरची सेटलमेंट याच कायद्याची. तारेच्या कुंपणाआत वस्ती, दिवसातून ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला परवाना. पारधी, कैकाडी, भामटा, टकारी अशा जमातींच्या पिढ्या हजेरीच्या वहीत जन्मल्या आणि त्याच वहीत मेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, आणि भटके-विमुक्त आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण वही बंद झाली तरी नजर बदलली नाही. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याला सांगावं लागत नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा पांढरपेशा मराठी वाचकाला पहिल्यांदा नीट उमगलं की नोंदीतच गुन्हेगार म्हणून जन्मणं म्हणजे काय. ज्यांना असं वाटतं की सरकारकडे आपली माहिती गेली तर काय बिघडतं, आपण कुठे गुन्हा केलाय, त्यांनी ते पुस्तक वाचावं. त्या माणसांनीही गुन्हा केलेला नव्हता.

विशेष म्हणजे त्याच इंग्रजी अमलात १९२० साली कैद्यांच्या ओळखीचा कायदा झाला, तो कितीतरी मोजून-मापून लिहिलेला होता. शिक्षा झालेले आणि किमान एक वर्षाच्या सक्तमजुरीच्या गुन्ह्यात अटक झालेले, साधारण एवढ्यांचेच ठसे घेता येत. तपासासाठी दंडाधिकारी हुकूम देऊ शकत, पण तोही अशाच माणसाबद्दल ज्याला त्या प्रकरणात कधीतरी अटक झालेली आहे. आणि सातवं कलम फार महत्त्वाचं होतं. आधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, तर त्याचे ठसे आणि छायाचित्रं, अगदी निगेटिव्हसकट, नष्ट करायची किंवा त्याच्या हाती द्यायची. तसं करायचं नसेल तर कारण लेखी नोंदवायचं. न्यायालयाने सोडलं तर पोलिसांच्या दप्तरानेही सोडावं, इतका स्वच्छ विचार त्यात होता.

स्वातंत्र्यानंतर ही बाजू भक्कम व्हायला हवी होती. घडलं थोडं वेगळंच. १९६१ साली ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवलं की आरोपीचे ठसे किंवा हस्ताक्षर घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. निकाल तर्काला धरून होता, पण त्यामुळे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाची ढाल ठशांपुरती गळून पडली. पुढच्याच वर्षी खडक सिंग यांचा खटला आला. उत्तर प्रदेशातल्या या गृहस्थांना १९४१ साली एका दरोड्याच्या प्रकरणात पकडलं होतं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं होतं. तरीही पोलिसांनी त्यांची हिस्ट्रीशीट उघडली. रात्री-अपरात्री दार ठोठावायचं, झोपेतून उठवायचं, कुठे जातो-येतो त्याची नोंद ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६२ मध्ये रात्रीची ती दारठोक घटनाबाह्य ठरवली, पण उरलेली पाळत चालू राहू दिली, आणि खासगीपणाचा हक्क घटनेत दिलेला नाही असंही बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांचं बरोबर होतं हे मान्य व्हायला पंचावन्न वर्षं जावी लागली.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात अडचणीचं असलेलं एक उदाहरण इथे मांडतो, कारण ते टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. १९४८ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावी रुग्णालयाच्या बालकक्षातून एका चिमुरडीला रात्री उचलून नेण्यात आलं आणि आवारातच तिचा खून झाला. तिच्या खाटेखाली सरकवलेल्या मोठ्या बाटलीवर ताजे ठसे होते. पोलिसांच्या दप्तरात ते कोणाशीच जुळेनात. तेव्हा पोलिसांनी ठरवलं की गावातल्या सोळा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांचे ठसे घ्यायचे. त्यांनी कुठल्या खात्याचा साठा गुपचूप उचलला नाही. ते घरोघर गेले, लोकांना कारण सांगितलं, पहिला ठसा नगराच्या महापौरांनी दिला. आणि वचन दिलं की काम झाल्यावर एकही ठसा ठेवला जाणार नाही. सेहेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांनी ठसे दिले. कोण राहून गेलं ते शेवटी रेशनकार्डांच्या नव्या नोंदींवरून शोधलं, आणि ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या एका माजी सैनिकाचा ठसा जुळला. त्याने कबुली दिली. त्यानंतर पोलिसांनी वचन पाळलं. ज्यांनी मागितले त्यांना त्यांचे ठसे परत दिले आणि बाकीचे सगळे कागदाच्या गिरणीत नेऊन पत्रकारांच्या समक्ष त्यांचा लगदा केला.

म्हणजे सगळ्या गावाचे ठसे घेऊन गुन्हेगार सापडतो. हे मान्यच केलं पाहिजे. रेशनची नोंद तिथेही तपासाला लावली गेली, हेही खरं. पण ब्लॅकबर्नमध्ये माणसाला समोर उभं राहून विचारलं गेलं, नाही म्हणायची मुभा होती, हेतू एकच होता, आणि शेवट ठरलेला होता. गोव्यात यातलं काहीही नव्हतं. २०१३ साली तर आधारला कायद्याचाही पाया नव्हता. प्राधिकरण २००९ च्या जानेवारीत एका सरकारी अधिसूचनेने जन्माला आलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधानांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यासाठीचं विधेयक त्याच वर्षाअखेर संसदेत आलं आणि यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने २०११ च्या डिसेंबरमध्ये ते नाकारलं. तरी नोंदणी थांबली नाही. कोट्यवधी लोकांचे ठसे सरकारकडे जमत गेले, आणि ते कोणाला द्यावेत, कोणाला नाकारावेत हे सांगणारा एक ओळीचाही कायदा नव्हता.

वास्कोच्या आदेशाविरुद्ध आधार प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेलं. लोकांनी ही माहिती नागरी सेवांसाठी दिली आहे, त्यांच्या संमतीशिवाय ती देता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. खंडपीठाने २६ फेब्रुवारी २०१४ रोजी वेगळीच वाट काढली. केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी तज्ज्ञ नेमावा आणि घटनास्थळचे ठसे आधारच्या साठ्याशी ताडून पाहणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, ते तपासावं. खंडपीठाची तळमळ मी समजू शकतो, पण त्याने प्रश्नच बदलला. असं करावं का, हा प्रश्न होता. असं करता येईल का, याचं उत्तर मागवलं गेलं. आणि एकदा करता येतं असं उत्तर आलं की पुढच्या प्रत्येक पोलीस ठाण्याला तीच वाट खुली झाली असती.

प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तिथे मांडलेल्या मुद्द्यांत एक आकडा होता. त्यांच्याच चाचणीत, ८.४ कोटी नोंदींच्या साठ्यावर, चुकीने जुळल्याचं प्रमाण ०.०५७ टक्के आलं होतं. लाखामागे सत्तावन्न. ऐकायला ते नगण्य वाटतं. पण तेव्हा आधारची नोंदणी साठ कोटींवर गेली होती, आणि त्या हिशेबाने लाखो निरपराध माणसं संशयाच्या यादीत येऊ शकली असती. शिवाय तो आकडा यंत्रावर नीट दाबून दिलेल्या बोटांचा; घटनास्थळचा ठसा अर्धवट आणि फासलेला असतो.

हा धोका कागदावरचा नव्हता. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटरच्या पिशवीवरचा एक ठसा अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या प्रचंड साठ्यात शोधला. यंत्राने वीस जवळची नावं काढून दिली. त्यातल्या एकाला तज्ज्ञांनी पक्कं केलं: ओरेगॉन राज्यातला एक वकील. त्याने कधीकाळी सैन्यात काम केलं होतं, ठसे साठ्यात होते. तो धर्माने मुसलमान होता, हेही तपासात त्याच्याविरुद्ध गेलं. न्यायालयाने त्याच्या बाजूने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही ठसा त्याचाच म्हटलं. दोन आठवडे तो कोठडीत राहिला, मग स्पेनच्या पोलिसांनी खरा माणूस शोधला. एफबीआयला माफी मागावी लागली आणि अमेरिकी सरकारला वीस लाख डॉलर भरावे लागले. साठा जितका मोठा, तितकी कोणाची तरी रेघ कोणाशी तरी मिळतेच. आणि एकदा मिळाली की पुढचा सगळा तपास त्या माणसाभोवतीच फिरतो.

२४ मार्च २०१४ रोजी न्यायमूर्ती बी. एस. चौहान आणि जे. चेलमेश्वर यांच्या पीठाने खंडपीठाच्या आदेशाला स्थगिती दिली. आधार क्रमांक मिळालेल्या कोणाचीही बायोमेट्रिक माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही यंत्रणेला देऊ नये, असं प्राधिकरणाला बजावलं. आदेश अंतरिम होता आणि छोटा होता, पण गोव्याच्या चौदा लाखांबरोबर सगळ्या देशाला त्याने संरक्षण दिलं. हे प्रकरण मग कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या २०१२ च्या याचिकेबरोबर जोडलं गेलं.

पुढच्या दोन वर्षांतली एक गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. २०१४ मध्ये सरकारचंच प्राधिकरण नागरिकांच्या खासगीपणाचा आधार घेऊन सीबीआयला नकार देत होतं. २०१५ च्या जुलैमध्ये त्याच न्यायालयात सरकारचे ॲटर्नी जनरल उभे राहून म्हणाले की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, आणि खडक सिंग निकालाकडे त्यांनी बोट दाखवलं. अरुण जेटली यांचंही तसंच. २०१३ साली ते राज्यसभेत विरोधी पक्षनेते असताना त्यांच्या मोबाइलचे कॉल तपशील बेकायदा मिळवले गेल्याचं उघड झालं, तेव्हा त्यांनी लेख लिहून खासगीपणाच्या हक्काचा आग्रह धरला आणि येऊ घातलेल्या आधारच्या काळाबद्दल भीती व्यक्त केली. ३ मार्च २०१६ रोजी अर्थमंत्री म्हणून त्यांनीच आधारचं विधेयक लोकसभेत मांडलं, तेही धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला ते अडवता येऊ नये अशा रीतीने. सत्ता कोणाच्याही हाती असो, माहितीचा साठा हाताशी आला की तो वापरण्याचा मोह प्रत्येकाला होतो. म्हणून कुंपण कायद्यातच हवं, माणसाच्या चांगुलपणावर ते सोडता येत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि खडक सिंग निकालातलं त्याविरुद्धचं विधान पुसून टाकलं. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार टिकला, पण राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याच्या सहीवर माहिती देण्याची तरतूद टिकली नाही. न्यायालयाच्या हुकमाने कोणाची माहिती मागायची असेल तर त्या माणसाचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असंही ठरलं. २०१९ च्या दुरुस्तीने असा हुकूम देण्याचा अधिकार उच्च न्यायालयापुरता मर्यादित झाला. ठसे आणि बुबुळं तर २०१६ च्या कायद्याच्या २९ व्या कलमानुसार कोणालाही, कोणत्याही कारणासाठी द्यायची नाहीत. वास्कोच्या न्यायालयाने दिला तसा आदेश आज कायद्यात बसत नाही.

मागणी मात्र थांबलेली नाही. जून २०१८ मध्ये हैदराबादच्या परिषदेत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संचालकांनी पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्यांना शोधण्यासाठी पोलिसांना आधारचा मर्यादित वापर करू द्यावा अशी मागणी केली. चंद्रपूरचे तेव्हाचे खासदार आणि गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी त्यावर प्रयत्न करू म्हटलं. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाने २९ व्या कलमाचा हवाला देऊन नकार दिला. पुढे दिल्लीतल्या एका सराफाच्या खुनाच्या तपासातही हीच मागणी उच्च न्यायालयात आली, आणि तिथेही प्राधिकरणाने २०२२ मध्ये विरोध नोंदवला.

आधारचं दार असं बंद राहिलं, आणि त्याच वर्षी संसदेने पोलिसांसाठी दुसरं दार उघडलं. एप्रिल २०२२ मध्ये फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा मंजूर झाला आणि १९२० चा कायदा रद्द झाला. आता कोणत्याही गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाचे, किंवा केवळ प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेवलेल्याचेही, ठसे, बुबुळं, स्वाक्षरी, हस्ताक्षर घेता येतं. स्त्रिया-मुलांविरुद्धचे आणि सात वर्षांहून कमी नसलेल्या शिक्षेचे गुन्हे सोडले तर रक्तासारखे जैविक नमुने द्यायला नकार देता येतो. बाकी कशाला नाही. तपासाला उपयोगी वाटल्यास दंडाधिकारी कोणाही व्यक्तीला हे सगळं द्यायचा हुकूम करू शकतात. १९२० ची ‘कधीतरी अटक झालेली असावी’ ही अट गेली. नोंदी पंचाहत्तर वर्षं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे राहतात. पंचवीस वर्षांच्या आंदोलकाची नोंद तो शंभरीला पोहोचेपर्यंत.

निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करावी असं याही कायद्यात लिहिलेलं आहे, पण सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर. आणि नियमांनी ते काम मागणीवर ठेवलं: राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करायची, त्याने खातरजमा करून दिल्लीला शिफारस करायची. १९२० साली जे पोलिसांचं कर्तव्य होतं, ते आता सुटलेल्या माणसाच्या माथी आलं आहे. खटल्यात सगळं घालवून बसलेल्या पारध्याच्या पोराला या अधिकाऱ्याचा पत्ता कोण सांगणार?

तेव्हा महाराष्ट्रात आणि गोव्यात फौजदारी खटले लढवणाऱ्या वकिलांना माझी कळकळीची विनंती आहे. अशील निर्दोष सुटला आणि अपिलाची मुदत निघून गेली की फाइल मिटवू नका. त्याच्या वतीने नोंद नष्ट करण्याचा अर्ज द्या, निकालाची प्रत जोडा, पोच घ्या, आणि नोंद नष्ट झाल्याचं लेखी उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.